बुंध्याचे पैसे कुणी द्यायचे?



मागच्या गुरुवारी उपासनेनंतर चहा घेताना आमच्या घरचा एक विषय निघाला आणि बऱ्याच जणांनी 'हे गटावर लिहा' असं सांगितलं. म्हणून यावेळच्या चिंतनात श्लोकाचा अर्थ नाही, आमच्या अंगणातल्या सात बुंध्यांचा हिशेब आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावं, कारण प्रश्न फक्त अंगणाचा नाही.

आम्ही पेडणे तालुक्यातले. मूळ घर एक, चुली तीन. तिघे भाऊ तीन बाजूंना राहतो, अंगण आणि परसू मात्र सामाईक. मोठी बहीण, म्हणजे आमची ताई, लग्न होऊन डिचोलीला गेली. घरात सगळ्यांत वडीलधारी आमची काकी, वय अठ्ठ्याहत्तर.

गेल्या कार्तिकात काकी दिवेलागणीला तुळशीकडे पणती ठेवून परत येत होती. वाटेत माडाचा एक बुंधा आहे, जेमतेम वीतभर वर आलेला. अंधारात त्याला पाय लागला आणि ती पडली. मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. त्या रात्री घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'हे बुंधे कधीचेच काढायला हवे होते.' नंतर आमच्या लक्षात आलं की या वाक्यात कर्ताच नाही. 'काढायला हवे होते' हे खरं, पण कुणी? आजचं चिंतन या एका शब्दावर आहे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन अंगणात फिरलो. बुंधे सात निघाले. तीन माडांचे. १६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळाने गोव्याला झोडपलं, ते सगळ्यांना आठवत असेल. करोनाचे दिवस, त्यात वीज गेलेली, रस्त्यांवर झाडं आडवी. आमचे तीन माड तेव्हा मधूनच मोडले आणि खालचा भाग तसाच राहिला. दोन बुंधे काजूचे, ते मधल्या भावाने गाडीची शेड घालताना तोडलेले. एक आंब्याचा आणि एक फणसाचा, हे दोन्ही बाबांच्या काळातले.

कुणी म्हणेल, राहू देत की, आपोआप कुजतील. कुजतात हे खरं आहे. पण माडाचा कुजका बुंधा म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. त्याच्या अळ्या कुजलेल्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात वाढतात, आणि मोठा झालेला भुंगा शेजारच्या धडधाकट माडाच्या सुईत शिरून कोवळा कोंब कुरतडतो. म्हणजे मेलेल्या माडाकडे दुर्लक्ष केलं की त्याची किंमत जिवंत माड देतो. काजूच्या बुंध्याला वाळवी लागली होती, आणि तिथून घराची वळचण चार पावलांवर. शिवाय काकीचा हात. तेव्हा 'काढायचे की नाही' हा प्रश्न उरला नव्हता.

आता खर्च. ज्यांच्या अंगणात असे बुंधे असतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. भाव आम्हाला मिळाले ते, तुमच्या गावात कमी-जास्त असतील.

आमचा पहिला अंदाज फार सोपा होता. जेसीबी बोलवायचा, चार तासांत काम. तासाचे चौदाशे प्रमाणे पाच हजार सहाशे, यंत्र आणण्या-नेण्याचे दोन हजार. एकूण सात हजार सहाशे. तिघांत वाटले तर अडीच हजार, म्हणजे काहीच नाही. सगळे खूश.

मग गावातल्या एका जुन्या जाणत्या माणसाला अंगण दाखवलं. त्याने फक्त प्रश्न विचारले. यंत्र आत कुठून येणार? गडगा फोडावा लागेल, तो परत कोण बांधणार? आंब्याच्या बुंध्याखालून नळाची लाइन गेली आहे, तिथे यंत्राचा दात लागला तर? उपटलेले बुंधे ठेवणार कुठे? आणि शेवटचा प्रश्न, 'खड्डे कशानं भरतले?'

त्या शेवटच्या प्रश्नावर आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. काढण्याचा विचार सगळ्यांनी केला होता, भरण्याचा कुणीच नाही.

मग बुंध्यागणिक विचार केला. माडाला सोटमूळ नसतं, बारीक मुळांचा झुपका असतो, त्यामुळे यंत्राने तो चटकन निघतो. काजूची मुळं आडवी पसरतात, तीही यंत्राला जमतात. आंब्याचं मूळ खोल आणि वर पाण्याची लाइन, म्हणून तिथे दोन माणसं, कुदळ, पारय आणि कुऱ्हाड, तीन दिवस. फणसाचा बुंधा विहिरीपासून हातभर, त्याचं पुढे सांगतो. नवा हिशेब असा झाला: यंत्राचे ७,६००, आंब्यासाठी माणसांची मजुरी ६,०००, गडगा फोडून परत घालायचे ३,०००, बुंधे उचलून नेण्याचे २,५००, दोन खेपा तांबडी माती ६,०००. बेरीज २५,१००. त्यावर अचानक निघणाऱ्या कामासाठी दहावा हिस्सा धरला आणि आकडा साडेसत्तावीस हजारांच्या वर गेला.

सात हजारांवर सगळे खूश होते. सत्तावीस हजारांवर घरात पहिल्यांदा तो प्रश्न उभा राहिला, पैसे कुणी द्यायचे?

रविवारी सगळे ओसरीवर बसलो. ताईला फोनवर घेतलं. धाकटा म्हणाला, 'ज्याने तोडलं त्याने काढावं.' ऐकायला हे अगदी न्यायाचं वाटतं. मधल्या भावाने लगेच मान्य केलं, काजूचे दोन माझे. पण मग माड? ते वाऱ्याने मोडले. वाऱ्याला बिल कुठे पाठवणार? आंबा आणि फणस बाबांनी तोडले, आणि बाबा आता नाहीत. चूक शोधत गेलं तर सातांतले पाच बुंधे बेवारस ठरतात.

मग दादा म्हणाला, 'ठीक आहे. ज्याला फायदा झाला त्याने द्यावे. फणसाच्या फळ्यांचे दरवाजे माझ्या बाजूला लागले, ते मी देतो. आंबा ताईच्या लग्नाला गेला.'

दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, तो नुसता हिशेब मांडत होता. पण फोनवर ताई गप्प झाली. इतका वेळ गप्प राहिली की लाइन कट झाली असं आम्हाला वाटलं. मग ती म्हणाली, 'आंबा कापला तेव्हा मी आत होते, करवतीचा आवाज ऐकत. मला कुणी विचारलं नव्हतं. माहेरी आले की अजून मी त्या बाजूने जात नाही. घ्या, मी देते पैसे.'

इतकी वर्षं ताई आमच्या अंगणात वळसा घालून चालते आणि आम्हाला ते दिसलंच नव्हतं. काकीला बुंधा लागला तो पायाला, ताईला लागला तो आतून, आणि तोही किती वर्षं.

तिसरा मार्ग वहिनींनी सुचवला, ज्याला झेपतं त्याने द्यावे. हेही चांगलं आहे, आणि घरं बऱ्याचदा अशीच चालतात. पण ज्याला झेपतं तो दर वेळी तोच असतो. तो देतो, बोलत नाही, आणि मनात एक बुंधा ठेवतो. ज्यांच्यासाठी दिलं त्यांनाही त्याच्यासमोर मान वर करून बोलता येत नाही.

मंडळी, तीन नियम झाले. चुकेप्रमाणे, फायद्याप्रमाणे, ऐपतीप्रमाणे. तिन्ही योग्य आणि तिन्ही अपुरे. त्या दिवशी चहा घेऊन उठलो, निर्णय झाला नाही.

उत्तर मिळालं ते डिचोलीच्या वाटेवर. दोन दिवसांनी आम्ही तिघेही ताईला भेटायला गेलो. फोनवर जे झालं ते फोनवरच ठेवणं बरं दिसत नव्हतं. डिचोली-साखळीच्या बाजूला जे राहतात त्यांना आम्ही काय सांगणार! खाणींचे खड्डे, त्यात साठलेलं पाणी, टाकाऊ मातीचे डोंगर. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद, आणि २०२४ मध्ये डिचोलीतूनच पुन्हा सुरुवात झाली. या सगळ्यात कुणाचे ट्रक दारात उभे राहिले, कुणाचे हप्ते थकले, कुणाच्या विहिरीचं पाणी गेलं. आपल्याच गटात तिन्ही प्रकारची घरं आहेत. इथेही तोच प्रश्न आहे: माल गेला, पैसे आले आणि खर्चले, खड्डा मात्र जाग्यावर. तो कुणाचा?

ताईच्या यजमानांनी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला ठाऊक नव्हती. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्यात खणून विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या विक्रीतली दहा टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवावी. कारण खनिज एकदाच निघतं आणि पुढच्या पिढ्यांचाही त्यावर वाटा आहे. नॉर्वे देशानेही समुद्रातल्या तेलाच्या उत्पन्नासाठी असा निधी केला. कायदा १९९० चा, पहिला पैसा त्यात १९९६ मध्ये पडला. खाण चांगली की वाईट, त्या वादात आम्ही इथे जात नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट भिडली. पुढच्याचा वाटा विक्रीच्या दिवशीच बाजूला काढायचा असतो. नंतर काढू म्हटलं की तो नसतोच.

परत येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मग दादाच म्हणाला, 'बाबांना आंब्याचे जे पैसे मिळाले, ते पूर्ण आपले नव्हतेच रे. त्यातले थोडे बुंध्याचे होते.'

आम्हाला वाटतं, सगळं या वाक्यात आलं. झाडाची किंमत म्हणजे लाकडाची किंमत नव्हे. लाकडाच्या किमतीतून बुंधा काढण्याचा आणि खड्डा भरण्याचा खर्च वजा केला की जे उरतं ती खरी किंमत. आपल्या राज्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, तोडणाऱ्याने बदली झाडं लावावीत असं तोही सांगतो. बुंध्याचं काय करायचं, ते मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बाबा चुकले? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. मुलीच्या लग्नाला पैसे कमी पडत असताना बापाने त्यातले चार पैसे बुंध्यासाठी बाजूला ठेवावे, असं म्हणणं क्रूरपणा होईल. ज्याच्या हातात शंभर कमी आहेत त्याला 'दहा वाचव' म्हणून सांगू नये. पण पैसे ठेवता आले नाहीत तरी नोंद ठेवता येते. 'पोरांनो, हा आंबा घराच्या गरजेला गेला, बुंधा काढायचा राहिला आहे, तो सगळ्यांनी मिळून काढा' एवढं सांगून ठेवलं असतं तरी पुरे होतं. मग तो आंबा ताईचा झाला नसता, घराचा राहिला असता. कर्ज काढणं पाप नाही. पण कुणालाच न सांगितलेलं कर्ज पुढे भलत्याच माणसाच्या अंगावर पडतं, आणि बहुतेक वेळा जो सगळ्यांत कमी बोलतो त्याच्या.

गोव्यात आपल्याकडे घराची वाटणी होते तेव्हा इन्व्हेंटरी होते. मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि यादीत आस्तीही लिहितात आणि देणीही. आमच्याकडेही झाली होती. घर, भाट, विहीर, झाडं, सगळं लिहिलं. बुंधे ना आस्तीत आले ना देण्यात. कागदावर नाही म्हणून ते नाहीत असं आम्ही धरून चाललो, आणि काकी पडली तेव्हा कळलं की आहेत.

देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं आपण लहानपणापासून ऐकतो. ती मागे बघून फेडायची. पण आम्हाला आता वाटू लागलंय की पितृऋण फेडायचं म्हणजे फक्त श्राद्ध आणि तर्पण नव्हे. आपल्या माणसांनी जे अर्धवट ठेवलं, त्यांना दोष न देता ते पुरं करणं, हेही त्यातच येतं. आणि पुढे ज्यांना आपण पितर होणार आहोत, त्यांच्यासाठी शक्य तितके कमी बुंधे ठेवणं, हेही.

शेवटी ठरलं ते असं. काजूचे दोन बुंधे मधल्या भावाने आपल्या खुशीने घेतले, कारण तोडणारा समोर आहे आणि त्याला परवडतं. माडांचा खर्च तीन चुलींत समान. आंब्याचा खर्च सामाईक भाटाच्या नारळाच्या पैशांतून, कारण आंबा घराने खाल्ला आणि घरानेच विकला. ताईने आपला चौथा हिस्सा द्यायचा हट्ट धरला. आम्ही आधी नको म्हटलं, मग कळलं की नको म्हणणं म्हणजे तिला परत पाहुणी करणं. घेतला.

काम मार्गशीर्षात केलं. पावसाची ओल जमिनीत असते तोवर आपली जांभ्याची जमीन कुदळीला दाद देते, चैत्रात तीच दगड होते. यंत्राने पाच बुंधे एका सकाळी काढले. माडाच्या बुंध्यांत पांढऱ्या अळ्या भरपूर निघाल्या, त्या वेचून मारल्या आणि बुंधे लगेच हलवले. आंब्याला तीन नाही, चार दिवस लागले, म्हणजे वरचा दहावा हिस्सा उपयोगी पडला. खड्डे एकदम न भरता थर घालून, पाणी शिंपडून, धुम्मसाने चोपत भरले आणि वर थोडी उंची ठेवली. सुटी माती नुसती लोटली असती तर पहिल्याच पावसाळ्यात खाली बसून डबकं झालं असतं, आणि बुंध्याला अडखळणारं माणूस खड्ड्यात पडलं असतं.

हे काम बघताना मनात येत होतं, माणसाचंही असंच की. व्यसन सोडा, राग सोडा, भांडण मिटवा, असं आपण सहज म्हणतो. सोडल्यावर जी पोकळी पडते ती कशाने भरायची, हे कुणी सांगत नाही. दारू सोडलेल्या माणसाच्या संध्याकाळी रिकाम्या होतात. त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसायला घरातलं कुणीतरी लागतं. तो मातीचा खर्च आहे. तो धरला नाही तर काढलेलं सगळं वाया.

आता फणस. तो विहिरीला इतका लागून आहे की त्याची मुळं आणि विहिरीचे चिरे एकमेकांना धरून बसलेत. तो उपटला असता तर कठडाही आला असता. शिवाय त्याला एका बाजूला धुमारे फुटलेत, म्हणजे तो मेलेलाच नाही. तो ठेवला. सुकलेला भाग जमिनीलगत साफ केला, भोवती चार चिरे लावले, अंधारात दिसावा म्हणून चुना मारला. सगळंच उपटून टाकणं म्हणजे शहाणपण नाही. काही जुन्या गोष्टी घराच्या पायात इतक्या गुंतलेल्या असतात की त्या काढायला गेलं तर पाणीच जातं. त्या दिसतील अशा ठेवाव्या, लपवू नयेत, एवढंच.

आंब्याच्या जागी ताईने स्वतः येऊन मानकुरादचं कलम लावलं. जुन्या खड्ड्यात नाही, तिथली मुळं अजून कुजायची आहेत; दोन पावलं बाजूला, आणि नळाची लाइन सोडून. लावून झाल्यावर हात धुवायला ती विहिरीकडे गेली ती सरळ त्या जागेवरून. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही बोललं नाही.

घरात एक वही केली आहे. कुठलंही झाड तोडलं, विकलं, किंवा सामाईकातलं काही मोडलं, की त्या दिवशी दोन ओळी लिहायच्या: काय घेतलं, आणि मागे काय राहिलं. जमलं तर पैसे, नाही जमलं तर नुसती नोंद.

गुरुबंधू-भगिनींनो, या आठवड्यात घरची सगळी माणसं एकत्र बसतील तेव्हा एकदा बघावं. आपल्या अंगणात असा कुठला बुंधा आहे, जो 'कुणीतरी काढायला हवा होता'? आणि तो आहे म्हणून घरातलं कोण वळसा घालून चालतंय? पैशांचं नंतर बघता येईल. आधी त्या माणसाला विचारावं.

 गुरुवारी उपासनेला भेटूच.